मशीन मीठ खाईना

तानूआत्या चांद्यात बोलली की नांद्याच्या वेशीवरचं कुत्रं मान वर करतं. यात वाढवून सांगितलेलं काही नाही. मेंढरांमागं उभी हयात काढलेल्या बाईला हळू बोलायची सवय लागणार कुठून? डोंगराच्या या अंगाला ती, त्या अंगाला चुकलेलं कोकरू, आणि मध्ये नुसता वारा. मग "हुर्र्र्र यीऽऽ! यीऽऽ गं बया यीऽऽ!" अशी हाक निघायची आणि कोकरू बें करत यायचं. आता मेंढरं दिराकडं माले गावी राहिली, आत्या नवरा गेल्यावर आमच्याकडं चांद्याला आली, पण आवाज तोच. ती "चा झाला का?" विचारते तेव्हा शेजारच्या चार घरांत चहा ठेवला जातो.

आमच्या घरामागं एक बंगला आहे. मध्ये फक्त शेळ्यांचं कुंपण. बंगल्यात अमोघदादा आणि अनुष्काताई राहतात, दोघंही हिंजवडीत कामाला, आणि त्यांची वर्षाची पोरगी मृण्मयी. तिला सांभाळायला आत्या जाते. आता मृण्मयी हे नाव मेंढपाळणीच्या जिभेला झेपणारं आहे का? पहिले काही दिवस "मुरनमई" झालं, मग "मुरमई", आणि शेवटी आत्यानं निकाल लावला, "मनी!" अनुष्काताईनं थोडं तोंड वाकडं केलं. पण पोरगी "मनी" म्हटलं की खिदळायची आणि खऱ्या नावाला ढिम्म हलायची नाही. त्यामुळं विषय मिटला.

त्या घरात आत्याची दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे मशीन.

आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. इतकं जड की आमची चहाची किटली आतून दगडाची झालीय, बाहेरून तेवढी ॲल्युमिनियमची राहिलीय. साबण लावला तर फेस येत नाही, दह्यासारखी फुटलेली साय येते. म्हणून अमोघदादानं मागच्या पडवीत पाणी मऊ करायचं मशीन बसवलं. एक उंच निळं नळकांडं, त्याच्या डोक्यावर आकडे दाखवणारा डबा, आणि शेजारी कमरेइतकी मिठाची टाकी. बसवलं त्या दिवशी त्यानं आत्याला समजावलं. त्याचं बोलणं म्हणजे शब्दागणिक एक पायरी इंग्रजी, एक पायरी मराठी. "सो मावशी, इट्स सिंपल. या उंच टाकीत रेझिन असतं, म्हणजे बारीक बारीक मणी. पाण्यातला कॅल्शियम ते पकडून ठेवतात. मणी भरले, की मशीन स्वतःहून या टाकीतलं मिठाचं पाणी ओढून घेतं आणि मणी धुतं. ओके? की परत फ्रेश."

आत्यानं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे मेंढरागत हाय. चार दिस चरलं की मीठ मागतंय."

अमोघदादा थांबला. "एक्झॅक्टली," म्हणाला. "म्हणजे... हो, तसंच काहीसं."

झालं. त्या दिवसापासून ते मशीन आत्याच्या कळपात जमा झालं. मीठ भरणं तिच्याकडं. रोज सकाळी मनीला कडेवर घेऊन ती पडवीत जायची, टाकीचं झाकण उचलायची, आत बघायची आणि दोन ओंजळी का होईना टाकायचीच. "अर्धीच भरा मावशी," असं अमोघदादा सांगायचा. आत्या "व्हय व्हय" म्हणायची आणि काठोकाठ भरायची. कारण आमच्या घराण्यात मिठाचं मडकं कधी रिकामं पडू देत नाहीत. मिठाचा तळ दिसला की घराचा तळ दिसतो, असं माझी पणजी म्हणायची म्हणे. मडक्यात दोन बोटं मीठ उरलं की वर नवीन ओतायचं. जुन्यावर नवं, नव्यावर नवं. आमच्या मडक्यातल्या तळाच्या मिठानं इंग्रज बघितला असेल.

पावसाळा आला. मुळशीचा पाऊस म्हणजे कपडे दोरीवरच शेवाळून जातात, पापड कधी कडक होत नाहीत आणि भिंतीसुद्धा घामाघूम होतात. आणि त्या पावसाळ्यात मशीनचं मीठ कमी व्हायचं थांबलं.

आत्या सकाळी झाकण उघडायची, मीठ काठोकाठ. दुसऱ्या दिवशी, काठोकाठ. तिसऱ्या दिवशी तिनं मीठ टाकायला ओंजळ पुढं केली आणि जागाच नव्हती. ती तशीच धावत कुंपणापाशी आली. "समेऽऽ! आगं हितं ये! बरकत आलीया!"

मी गेले, बघितलं. खरंच. शुभ्र, सपाट, भरलेलं. मशीन रोज पाणी ओढतंय, घर रोज आंघोळी करतंय, आणि मीठ कणभर हलत नाही. माझ्या अंगावर काटा आला, लपवून काय करायचं. आमच्यात मेंढ्याच्या लोकरीपासून भाकरीपर्यंत सगळं मोजून-मापून, कधी पुरलं कधी नाही. आणि इथं न संपणारं मीठ! आत्यानं त्याच दिवशी टाकीच्या झाकणावर हळदीकुंकू वाहिलं, वर एक झेंडूचं फूल. गल्लीतली अनसूयाकाकू मुद्दाम बघून गेली. "बाई गं बाई," म्हणाली, "आमच्या रॉकेलच्या कॅनला असं कधी झालं नाय."

अमोघदादा हसला. अनुष्काताईपण हसली, पण फूल कोणी उचललं नाही.

मग मनीच्या अंगावर उठलं.

आधी कोपराच्या घडीत लाल चट्टा. मग गुडघ्यामागं, मग मानेवर. पोरगी खाजवायची, रडायची, खाजवता खाजवता झोपायची आणि झोपेतून खाजवत उठायची. नखं कापली तरी ओरबाडायची, म्हणून रात्री तिचे हात फडक्यात बांधून ठेवायला लागले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "पाणी कसं आहे घरचं? जड पाण्यानं अशी कातडी आणखी चिडते." अनुष्काताई म्हणाली, "सॉफ्टनर आहे ना आमच्याकडे." पण घरी येऊन तिनं नळाकडं पाहिलं. नळाच्या तोंडाला पांढरा थर. बादलीच्या कडेला पांढरा थर. गीझर आतून कढल्यासारखा आवाज करत होता, टुक टुक टुक. साबणाची पुन्हा तीच फाटकी साय.

कंपनीचा मेकॅनिक आला. उत्तरेकडचा पोरगा, नम्र, मोजे भिजलेले. त्यानं छोट्या बाटलीत पाणी घेतलं, थेंब थेंब औषध टाकलं. पाणी गुलाबी झालं, आणि मऊ पाण्यासारखं निळं व्हायचं नावच घेईना. "हार्डनेस पूरा आ रहा है मॅडम," तो म्हणाला. मग त्यानं मिठाच्या टाकीचं झाकण उघडलं. आधी फूल बाजूला ठेवलं, हे मला आवडलं. आत डोकावला. "सॉल्ट तो फुल है." झाकण बंद. फूल परत वर. "सॉल्ट फुल है, फिर भी पानी हार्ड है, मतलब रेझिन गया. बदलना पडेगा. माल आने में टाइम लगेगा, मॅडम. बारिश में गाडी भी नहीं आती."

अनुष्काताईनं तिथंच ठरवलं. तिचं माहेर दापोलीला. तिकडच्या विहिरीचं पाणी मऊ. "मी मृण्मयीला घेऊन आईकडे जाते. रविवारी सोड आम्हाला," ती अमोघदादाला म्हणाली. "किती दिवस?" त्यानं विचारलं. "तिची कातडी बरी होईपर्यंत. माहीत नाही किती. आणि खरं सांगू, मला वर्क फ्रॉम होम तिथूनही मिळेल. कदाचित तिथंच राहू."

आत्या मनीला पाळण्यात झुलवत होती. ती झुलवतच राहिली. घरी आली, चूल पेटवली, पीठ मळलं, आणि एक शब्द नाही. माझे बाबा दोनदा म्हणाले, "आक्के, बरी हायेस ना?" "हाय," ती म्हणाली. इतक्या हळू की बाबांनी माझ्याकडं बघितलं. या घरात तिचा आवाज भिंतीपलीकडं गेला नाही असा तो पहिला दिवस. तिला मूलबाळ नाही. मनी "ता" म्हणायला लागली होती. आई-बाबांआधी "ता". अनुष्काताई समजायची की हा "टाटा" आहे, पण आम्हाला ठाऊक होतं कुणाचं नाव आहे ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेळ्या परतल्या तेव्हा आत्यानं नेहमीसारखे मिठाचे खडे सपाट दगडावर ठेवले. शेळ्या धावल्या, ढुशा दिल्या, चाटायला लागल्या. एक मात्र कडेला उभी. आमची ठिपकी. मिठाकडं बघेना, मान खाली.

"हिला काय झालं?" बाबा म्हणाले.

"मीठ चाटंना म्हंजे आजारी हाय," आत्या म्हणाली. "चांगलं जित्राब मीठ कधी सोडत न्हाई." ती खाली बसली, ठिपकीच्या डाव्या कुशीवर बोटांनी ठोकलं. डम्. डम्. नगाऱ्यासारखं. "पॉट फुगलंय. वारं भरलंय आत. वरनं बघायला भरल्यावानी, आतनं पोकळ." तिनं तेल मागितलं, पाजलं, कूस चोळली. ठिपकीनं मोठी ढेकर दिली, तशी ढेकर आमच्या जत्रेच्या पंगतीतसुद्धा कुणाला जमली नसेल.

आणि आत्याचा हात तसाच कुशीवर राहिला.

"समे," ती म्हणाली. "ते मशीन कवापासनं मीठ खाईना गं?"

"पाऊस लागल्यापासनं," मी म्हणाले.

"आमी म्हणलं बरकत," ती म्हणाली. "मेंढरू मीठ खाईना झालं तर आमी बरकत म्हणतो का? त्याला औषिद देतो. आन् हितं फुलं वाहिली."

सकाळी ती बंगल्यात गेली, मी तिच्या मागं. हॉलमध्ये बॅग उघडी, अनुष्काताई मनीच्या झबल्यांच्या घड्या करत होती. वरच्या खोलीतून अमोघदादा, "गाईज, कॅन यू हिअर मी? हॅलो? आय कॅन हिअर यू. कॅन यू हिअर मी?" आत्या थेट पडवीत. टाकीपुढं उकिडवी बसली आणि कान लावून टाकीच्या अंगावर बोटांनी ठोकायला लागली, वरून खाली.

ठस्. ठस्. वरचा भाग गच्च. थोडं खाली, ठस्. आणखी खाली... ढूम.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. परत ठोकलं. ढूम. ढूम. आणि अगदी तळाशी, डब्, पाण्याचा.

"पोकळ हाय," ती म्हणाली. आता तिचा आवाज तिचा होता. "ताईऽऽ! ह्याचं पॉट फुगलंयऽऽ!"

अनुष्काताई झबलं हातात घेऊन आली. तिनं स्वतः ठोकून पाहिलं. ठस्, ढूम, डब्. तिनं लगेच मेकॅनिकला फोन लावला, व्हिडिओवर, आणि टाकीवर ठोकून त्याला ऐकवलं. मग तो म्हणाला, "अरे! ब्रिज बन गया होगा, मॅडम. ऊपर नमक की पपडी जम गयी, नीचे खाली. पानी नमक तक पहुँचता ही नहीं." मग खालच्या आवाजात, "मैंने भी ऊपर से देखा और ढक्कन लगा दिया."

"आम्ही सगळ्यांनीच," अनुष्काताई म्हणाली.

"ऊपर तक भर के रखते हो क्या? बारिश में ऐसा हो जाता है. डंडे से तोडो. लकडी का लेना, लोहे का नहीं, टंकी फट जायेगी. उसके बाद भी हार्ड आया, तो रेझिन देखेंगे."

बंगल्यातल्या मॉपचा दांडा स्टीलचा. मी कुंपण ओलांडून आत्याची बांबूची काठी आणली, मेंढरांमागची. आत्यानं ती घेतली, झाकणावरचं फूल उचलून कानामागं खोचलं, झाकण काढलं. आणि काठी हवेत तशीच राहिली.

शुभ्र, सपाट, भरलेलं मीठ. आमच्या घरात लेकराच्या हातून चिमूटभर सांडलं तरी आई ते पाण्यात टाकायला लावते, पाय पडू नये म्हणून. आणि हे तर हळदीकुंकू वाहिलेलं.

"मावशी, मी मारू का?" अनुष्काताईनं हळूच विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "ह्याला हात मी जोडले. भरलं बी मीच. मडकं रिकामं पडू न्हाई म्हणून भरत गेले. पर हे मडकं न्हाई, ताई. हे जित्राब हाय. जित्राबाच्या तोंडात कोंबायचं नसतंय. चाटंल तेवढंच द्यायचं." तिनं वहाणा काढल्या. मिठाला बोट लावलं, ते कपाळाला लावलं. मग पदर खोचला आणि मध्यभागी काठी मारली.

ठण्. काठी उडाली. दुसऱ्यांदा, ठण्. तिसऱ्यांदा कर्र्र झालं. आणि चौथ्याला काठी खड्डाक करून आत गेली, हातभर, आणि आत्या तोल जाऊन पुढं झुकली. भोक पडलं. त्यातून गार वास वर आला. समुद्राचा म्हणावा तर मी समुद्र एकदाच पाहिलाय, पण तोच.

"थांबा," आत्या म्हणाली. "कुणी हलवू नगा. उजेड दाव गं."

मी मोबाइलचा टॉर्च भोकात धरला.

आता हे कसं सांगू. आत एक गुहा होती. छत मिठाचं, विहिरीच्या घुमटासारखं वळलेलं. भिंतींवर खड्यांचे घोस उगवलेले, कुठं चौकोनी, कुठं सुईसारखे, एकावर एक एकावर एक, आणि प्रत्येकानं टॉर्चचा उजेड घेऊन दुसऱ्याकडं फेकलेला. छताला थेंब लटकत होते आणि पडत नव्हते. खूप खाली पाणी, स्वच्छ, न हललेलं, मिठाची वाट बघत बसलेलं, आणि मीठ त्याच्या वर वीतभर अंतरावर. कोणी बांधलं नव्हतं ते. आम्ही रोज वरून झाकण लावत होतो आणि आत हे चाललं होतं. ताम्हिणीच्या कड्यात पाणी झिरपून झिरपून कपारी झाल्यात, त्यांना किती वर्षं लागली कोण जाणे. इथं एका पावसाळ्यात, प्लॅस्टिकच्या टाकीत.

अमोघदादा खाली आला होता, हेडफोन गळ्यात, त्यातून कुणीतरी बारीक आवाजात "अमोघ? अमोघ, यू देअर?" करत होतं. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला नाही. मराठीही नाही. अनुष्काताईनं मनीला उचलून आत दाखवलं. मनीनं "ऑऽऽऽ" केलं. आतून "ऑऽऽ" परत आलं. पोरगी दचकली, मग खिदळली, मग परत "ऑऽऽऽ". मग आत्यानं, राहवेना तिला, भोकाला तोंड लावून आपली मेंढरांची हाक दिली, "हुर्र्र्र यीऽऽ!" आणि सगळी टाकी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणली.

"देवाचंच लेणं हाय," आत्या म्हणाली. "पर चुकीच्या जागी बांधलंया."

आणि तिनं ते फोडलं. चारी बाजूंनी, काठीनं, घाव घालत, मध्येच "माफी कर रं बाबा" म्हणत. घुमट ढेकळाढेकळानं पाण्यात कोसळला. धप्प. धप्प. डुबुक. काठोकाठची टाकी बघता बघता अर्ध्यावर आली. आत्यानं आत डोकावून बघितलं, पण हात मिठाच्या गोणीकडं गेला नाही.

मीठ विरघळायला वेळ द्यायचा होता. दुपारी अमोघदादानं मशीनच्या डोक्यावरच्या डब्याचं बटण दाबून धरलं. "मॅन्युअल रीजनरेशन," तो म्हणाला. "हं, सोड वारं," आत्या म्हणाली. मशीननं आधी टक् केलं. मग घुर्र्र. मोरीकडं जाणारी नळी थरथरली आणि त्यातून गढूळ पाणी आलं. मग एकदम शांत, नुसती सूंऽऽऽ अशी बारीक शीळ. आत्या टाकीपुढं बसून होती, व्यायला आलेल्या मेंढीपुढं बसावं तशी, मांडीवर मनी, मनीचे दोन्ही हात आपल्या हातात धरून, ओरबाडू नये म्हणून. आणि टाकीतलं पाणी खाली जायला लागलं. आधी कळेना. मग भिंतीवर ओली रेघ दिसायला लागली, तिच्याखाली आणखी एक.

"प्यालं!" आत्या ओरडली. "प्यालं गं बाई! समे, बघ, प्यालं!"

मी आजवर पुष्कळ कार्यक्रम बघितलेत, पण टाकीतलं पाणी बोटभर खाली जाताना चार माणसं एकमेकांचे दंड धरून बघतायत असा कार्यक्रम नाही बघितला.

मशीनचं चक्र पुरं झाल्यावर अनुष्काताईनं रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी घेतलं, साबणाचा तुकडा टाकला आणि हलवलं. फेस. बाटलीच्या गळ्यापर्यंत पांढराफेक, दाट, न फुटणारा फेस. तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि गीझर लावला.

त्या संध्याकाळी मनीला आत्यानंच आंघोळ घातली. आत्या पुन्हा पुन्हा आपला हात चोळून बघत होती. "साबण निघतच न्हाई जणू. हात लोण्यात घातल्यागत." मनीला मलम लावलं, सुती कापडात गुंडाळलं. चट्टे तसेच होते, लाल. एका आंघोळीत काही होत नसतं हे सगळ्यांना माहीत होतं. अनुष्काताईनं उघड्या बॅगेकडं पाहिलं. "या रविवारी नको," ती अमोघदादाला म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

आत्यानं ऐकलं आणि मान खाली घालून मनीचे केस पुसत राहिली.

मग रोज सकाळी आत्या टाकीचं झाकण उघडायची, आत वाकायची, काठीनं मीठ सगळीकडून हलवायची, आणि कमी झालेलं दिसलं की तिचा चेहरा उजळायचा. ज्या बाईनं मिठाचा तळ कधी दिसू दिला नाही, ती आता कुंपणावरून ओरडून सांगायची, "समे, आज चार बोटं खाल्लं!" तिकडं मनीच्या मानेवरचा चट्टा आधी गुलाबी झाला, मग खपलीचा, मग नुसता खरखरीत. गुडघ्यामागचा हट्टी निघाला, पण तोही मागं सरत होता.

पुढच्या रविवारी मी ठिपकीला पाला घालत होते तेव्हा बंगल्याच्या खिडकीतून अनुष्काताई फोनवर बोलताना ऐकू आलं. पलीकडं दापोलीची आई असणार.

"नाही गं, आम्ही नाही येत. तूच ये आता." मग थोडा वेळ नुसतं हूं हूं. मग ती हसली. "रडत नाहीये. झोपलीय. मावशींच्या मांडीवर. अगं नाही, हात नाही बांधले. तशीच झोपलीय."